इयत्ता आठवीला घनफळ-पृष्ठफळ शिकवायला लुआंटी (ठोकळ्यांनी बांधकाम करायचा संगणक खेळ) वापरता येईल का?

प्रश्न: लॅबमध्ये जुने पीसी आहेत, लॅन आहे, नेट नाही. तासिका ४० मिनिटांची. मांडणी कशी करावी?

उत्तर १: चालेल. लुआंटी म्हणजे पूर्वीचं माइनटेस्ट, मोफत आहे. नव्या आवृत्तीत नुसतं इंजिन (खेळ चालवणारा मूळ प्रोग्राम) येतं, म्हणून 'माइनटेस्ट गेम' हा प्रत्यक्ष खेळ आधीच नेटवरून उतरवून ठेवा. तो फक्त शिक्षकांच्या पीसीवर लागतो. सपाट जग निवडा, खेळाडूला होणारी इजा बंद ठेवा, सर्व्हर होस्ट करा, म्हणजे मुलांना लॅनवरून त्याच जगात येता येईल. मुलांचे पीसी जोडले जात नसतील तर बहुतेक वेळा फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी सुरक्षा) आडवी येते. तिच्यात यूडीपी पोर्ट ३००००, म्हणजे लुआंटीच्या जोडणीची वाट, मोकळा करा.

उत्तर २: मॅडम, क्रिएटिव्ह मोड मात्र नको. ठोकळे अमर्याद मिळाले की मुलं किल्लेच बांधत बसतात आणि गणित राहून जातं. प्रत्येक जोडीला लाकडी फळीचे २४ ठोकळे द्या. दगड देऊ नका, तो नुसत्या हातानं फुटत नाही. काम एवढंच: सगळे ठोकळे वापरून कमीत कमी पृष्ठफळाची इष्टिकाचिती. १×१×२४ चं ९८ येतं, १×४×६ चं ६८, २×३×४ चं ५२. घनफळ तेच, पृष्ठफळ निम्म्याजवळ! वहीत तक्ता आधी, बांधकाम नंतर.

उत्तर ३: एक चूक हमखास होते. जमिनीला टेकलेली बाजू मोजायची राहते आणि ५२ ऐवजी ४० उत्तर येतं. चिती मातीच्या तीन ठोकळ्यांच्या खांबावर बांधायला सांगा, मग खांब काढा. चिती हवेतच राहते, खाली उभं राहून तळाचे १२ चौरस मोजता येतात.