अक्कलदाढेवरची हिरडी पुन्हा पुन्हा सुजते : पदर कापावा की दाढच काढावी?

नमस्कार मंडळी,

हा प्रश्न मी धाकट्या भावासाठी विचारत आहे. त्याचे वय २२ असून तो नागपुरातच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याची खालची उजवी अक्कलदाढ अर्धवटच वर आली आहे आणि तिच्या मागच्या भागावर हिरडीचा एक पदर अजून तसाच पसरलेला आहे. त्या पदराखाली अन्नकण जाऊन बसतात, ते ब्रशने निघत नाहीत आणि मग हिरडी सुजते. मागे डॉक्टरांनी तिथे पिचकारीने पाणी मारले, तेव्हा तर्रीतल्या हरभऱ्याचे अख्खे साल बाहेर आले.

सूज आली की ठणका कानापर्यंत जातो, गिळताना त्रास होतो आणि तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. वरची दाढ नेमकी त्या सुजलेल्या पदरावर टेकते, त्यामुळे तिचा वळ हिरडीवर उमटलेला दिसतो. ताप मात्र कधी आलेला नाही. तोंड उघडत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी सर्वांत आधी ‘खर्रा खातोस का?’ असे विचारले. आपल्याकडे हा प्रश्न रास्तच आहे, कारण खर्र्यातल्या सुपारीने गालाचे अस्तर ताठ होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. पण तो खर्रा खात नाही, आणि सूज उतरली की त्याचे तोंड पूर्वीसारखे उघडते.

आता एक डॉक्टर म्हणतात की नुसता पदर कापून टाकू, तर दुसरे म्हणतात की दाढच काढा. आईचा दाढ काढण्याला ठाम विरोध आहे, कारण त्यामुळे नजर अधू होते असे तिने लहानपणापासून ऐकलेले आहे. या दोन सल्ल्यांपैकी कोणता मानावा हे कशावरून ठरवायचे, आणि तोपर्यंत घरी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

मी दंतवैद्य आहे. तोंड न तपासता निर्णय देता येणार नाही, पण तो कशावर ठरतो हे सांगता येईल. आधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढलेला आहे का ते पाहा. दाढ सरळ उभी असेल, तिच्यामागे जबड्यात पुरेशी जागा असेल आणि ती पूर्ण वर येण्याची शक्यता असेल, तर पदर कापणे योग्य ठरू शकते. तरीही तो पुन्हा वाढतो, असे बऱ्याचदा दिसते. दाढ पुढच्या दाढेवर कललेली असेल, तर पदर कापून फारसे काही साधत नाही, उलट त्या फटीत अन्न अडकून पुढची चांगली दाढ किडते. अशा वेळी काढणेच बरे. खालच्या ओठाला जाणीव देणारी नस मुळांच्या किती जवळ आहे हेही त्याच एक्स-रेत पाहतात, कारण तिला धक्का लागल्यास ओठ बधिर राहू शकतो. वरची दाढ पदरावर टेकते असे आपण लिहिले आहे, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. कधीकधी ती वरची दाढ घासून किंवा काढून बराच आराम पडतो.

सूज असताना सहसा पदरही कापत नाहीत आणि दाढही काढत नाहीत. आधी पदराखालची जागा धुऊन स्वच्छ करणे हाच मुख्य उपचार असतो. घरी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, लहान डोक्याचा मऊ ब्रश मागपर्यंत न्यावा, आणि डॉक्टरांनी दिले असेल तर ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक माउथवॉश) सांगितले तितकेच दिवस वापरावे, कारण जास्त दिवसांनी दातांवर डाग पडतात. लवंगतेलाचा बोळा किंवा ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये. तिथली त्वचा भाजते. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या परस्पर सुरू करू नयेत.

नजरेबद्दल आईंना सांगा की दाताची नस आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या आहेत. मात्र ताप आला, जबड्याखाली किंवा गळ्याला सूज उतरली, थुंकी गिळणे वा श्वास घेणे जड जाऊ लागले, तर वाट न पाहता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे. खर्चाची अडचण असल्यास नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात मुखशल्यचिकित्सा विभाग आहे.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ओपीजी अजून काढलेला नाही, तो काढून घेतो. दाढ काढावी लागलीच, तर परीक्षेच्या किती आधी काढावी?

प्रतिसाद

सूज साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि टाके आठवडाभराने काढतात. जखमेतली रक्ताची गुठळी निघून गेली, तर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तीव्र ठणका लागतो, म्हणून पहिल्या दिवशी चूळ भरणे, जोराने थुंकणे आणि स्ट्रॉने पिणे टाळावे. परीक्षेपूर्वी दोन आठवडे तरी मोकळे मिळत नसतील, आणि सूज आटोक्यात असेल, तर परीक्षा झाल्यावरच तारीख घ्या.