मदत हवी आहे: दांडीवरून न उतरणारा उंदीर आणि लेव्होडोपा

डिचोलकर: सोमवारी व्हायवा आहे, कोणीतरी लवकर सांगा. प्रॅक्टिकलला उंदीर ताठरला, पुढचे पंजे दांडीवर ठेवले तर उतरेचना. सरांनी विचारलं, याला लेव्होडोपा दिलं तर? मी म्हटलं, सुटेल. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन होतं, मग सुटायलाच हवा ना? सर म्हणाले, "विचार करून ये," आणि पुढच्या रोल नंबरकडे वळले. तीन दिवस नोट्स उलटतोय. माझं चुकलं कुठे?

रेणुका_म्हापसा: कोर्स कुठला? कितवं वर्ष? आणि खरा उंदीर की कॉम्प्युटरवरचा?

डिचोलकर: बी.फार्म., चौथं सेमिस्टर. कॉम्प्युटरवरचा. त्याने काय फरक पडतो?

जुना_पाटो: तुझं बरोबरच आहे. अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली हेच दाखवलं. रिसर्पिन दिलेले ससे कान पाडून निपचित बसले होते, डोपा टोचल्यावर पुन्हा हिंडायला लागले. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. सरांना हेच सांग.

फोंडा_फार्मसी: रिसर्पिन दिलं असं तो म्हणाला कुठे? अरे, उंदराला दिलं काय होतं ते सांग की आधी!

सत्तरीचा_वैद्य: रिसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतलंच. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, तेव्हा बाहेरच्यांना जाग आली. खाजकुयलीच्या बियांत तर लेव्होडोपा आयतं असतं. मुलांना आधी हे शिकवायला हवं.

फोंडा_फार्मसी: बियांत असतं हे खरं, वैद्यबुवा. पण गोळीत किती हे वेष्टनावर लिहिलेलं असतं, मूठभर बियांत किती ते कसं कळणार? आणि याची व्हायवा सोमवारी आहे हो.

डिचोलकर: हॅलोपेरिडॉल, ते मानसिक आजारावरचं औषध. सॉरी, ताठरला म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

फोंडा_फार्मसी: मग सगळं उलटलं बघ. रिसर्पिनने डोपामिनचा साठाच रिकामा होतो, म्हणजे विहीर आटली. लेव्होडोपा देऊन पाणी ओतलं की भागतं. हॅलोपेरिडॉलमध्ये विहीर भरलेली आहे, बोळा नळाच्या तोंडात आहे. डी-२ रिसेप्टर म्हणजे डोपामिनची टेकायची जागा, तिथे औषध बसलंय, डोपामिनला टेकायला जागा नाही. वरून आणखी ओतून काय होणार? इथे ट्रायहेक्सिफेनिडिल. डोपामिनचा लगाम सुटला की स्ट्रायटममध्ये, म्हणजे मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या भागात, ॲसिटिलकोलिन हे दुसरं रसायन शिरजोर होतं, ते या औषधाने दाबायचं.

जुना_पाटो: पण दोघांची जागेसाठी स्पर्धा आहे. डोस बराच वाढवला तर थोडं सुटतं. "मुळीच नाही" असं ठोकून देऊ नकोस.

फोंडा_फार्मसी: उंदराचं ठीक आहे. माणसाला हॅलोपेरिडॉल भास होतात म्हणून दिलेलं असतं, त्यात लेव्होडोपा घातलं तर भास वाढायची भीती. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिलच असतं.

माशेलची_काकी: विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या ह्यांना पार्किन्सन आहे. दुपारी हुमण-भात जेवून गोळी घेतली की शर्टाचं बटण लागत नाही, बोटं काजावरून नुसती सरकत राहतात. सकाळी पेजेबरोबर घेतली तर स्वतः लावतात. नुस्तं वातूळ पडतं का?

रेणुका_म्हापसा: वातूळ नाही काकी. माशातली प्रथिनं पचून त्यांची अमिनो आम्लं होतात. लेव्होडोपा हेही अमिनो आम्लच. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला त्यांचं दार एकच, त्या गर्दीत गोळी मागे राहते. मासे बंद करू नका, जेवणाआधी किती वेळ गोळी द्यायची ते डॉक्टरांना विचारा. आणि मळमळलं म्हणून मेटोक्लोप्रमाइड मनाने देऊ नका. तेही मेंदूत शिरून डी-२ अडवतं.

डिचोलकर: म्हणजे मेटोक्लोप्रमाइड दिलं तरी उंदीर दांडीवरच राहील?

फोंडा_फार्मसी: पुरेशा डोसला राहील. मळमळीवरचं दुसरं औषध डोंपेरिडोन, तेही डी-२ अडवतं, पण मेंदूत फारसं शिरत नाही. हा फरक पाठ करून जा, सर विचारतीलच.

सत्तरीचा_वैद्य: काकी, खाजकुयलीचं चूर्ण...

रेणुका_म्हापसा: काकी, गोळी चालू असताना चूर्ण वरून घालू नका. लेव्होडोपाच दुप्पट पोटात जाईल.

माशेलची_काकी: नाही घालत गो. बुधवारी डॉक्टरांकडे जायचं आहे. तोवर गोळी कधी, जेवण कधी आणि बटण कधी लागलं ते वहीत लिहून ठेवते.