टेनर आवाज : ऑपेरा की वृंदगायन? भाच्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे

हरिपूरकर (सांगली)

माझा भाचा १९ वर्षांचा असून मिरजेला राहतो आणि सांगलीत वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. चर्चच्या क्वायरमध्ये तो लहानपणापासून गात आला आहे, आणि गेली सहा वर्षे ख्यालगायनाची तालीमही घेतो आहे. आवाज फुटल्यानंतर क्वायरमध्ये त्याला बासच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पुरुषी आवाजाच्या, रांगेत उभे करण्यात आले होते. परंतु मागच्या वर्षी पुण्यातील एका कार्यशाळेत मार्गदर्शकांनी त्याच्याकडून अर्धा तास निरनिराळे स्वर गाऊन घेतले आणि हा आवाज टेनरचा, म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीचा आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हापासून त्याच्या मनात ऑपेराने घर केले आहे.

त्याचे वडील विरोधात नाहीत, मात्र यातून पोट कसे भरते हे त्यांना समजून घ्यायचे आहे, आणि मामा या नात्याने ते काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एकोणिसाव्या वर्षी सुरुवात करणे उशिराचे आहे का? ऑपेरा आणि वृंदगायन या एकाच वाटेच्या दोन पायऱ्या आहेत, की दोन वेगळे व्यवसाय आहेत? आणि ख्यालाची तालीम चालू ठेवली तर आवाजाचे नुकसान होईल का? त्याच्या गुरुजींना उलट चिंता आहे. आवाज लांब पोहोचवण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या फेकीने आवाजातली आस, म्हणजे स्वराचा मागे रेंगाळणारा नाद, जाईल, असे ते म्हणतात.

दुसरा टेनर (मूळ सातारा, सध्या जर्मनी)

मी गेली अकरा वर्षे जर्मनीतील एका नाट्यगृहाच्या ऑपेरा-वृंदात नोकरी करतो, त्यामुळे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांविषयी अनुभवाने बोलू शकतो.

उशीर मुळीच झालेला नाही. प्रसिद्ध इटालियन टेनर लुचानो पावारोत्ती १९ वर्षांचे असताना, म्हणजे १९५५ साली, मोदेना या आपल्या गावच्या पुरुषांच्या गायकवृंदातून वेल्समधील लांगोलेन येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेले होते आणि तेथे त्या वृंदाला पहिले पारितोषिक मिळाले होते. त्यांचे वडील व्यवसायाने बेकरीवाले होते, पण स्वतः टेनर होते आणि त्याच वृंदात मुलाशेजारी उभे राहून गात होते. त्यानंतर शिकत असताना पावारोत्तींनी काही काळ प्राथमिक शाळेत शिकवले, विम्याचे कामही केले, आणि १९६१ साली रेज्जो एमिलिया येथे ‘ला बोहेम’ या ऑपेरातील रोदोल्फोच्या भूमिकेतून ते रंगमंचावर आले. आवाजाची रांग चुकणे हेही नवे नाही. प्रसिद्ध स्पॅनिश गायक प्लासिदो दोमिंगो मेक्सिकोत बॅरिटोन (टेनर आणि बास यांच्या मधला आवाज) म्हणून चाचणीला गेले होते आणि तुम्ही टेनर आहात, असे परीक्षकांनी त्यांना सांगितले. त्यांच्या आईवडिलांची सार्सुएला या स्पॅनिश संगीत नाटकांची स्वतःची मंडळी होती. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्या डोळ्यांसमोर आणल्या म्हणजे ते वातावरण सांगलीच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता पोटाचा प्रश्न. एकल गायक, ऑपेरा-वृंदातला गायक आणि मैफिलीच्या वृंदातला गायक हे तीन निरनिराळे व्यवसाय आहेत, आणि वृंद म्हणजे एकल गायनात अपयश आलेल्यांची जागा, हा समज मनातून काढून टाकावा. एकल गायकाचा करार बहुधा एक-दोन हंगामांचा असतो. आवाज बिघडला किंवा नाट्यगृहाचे संचालक बदलले की पुन्हा गावोगाव चाचण्या देत फिरावे लागते. ऑपेरा-वृंदात मला मासिक वेतन, आजारपणाची रजा आणि निवृत्तिवेतन आहे. त्याच्या बदल्यात वर्षभरात वीसेक ऑपेरांमधील माझा भाग इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि कधी रशियन भाषेत पाठ असावा लागतो, आणि तो हालचाली करत, पोशाखात, वाद्यवृंदाच्या संचालकावर (कंडक्टरवर) नजर ठेवून गावा लागतो. मैफिलीच्या वृंदात पाठांतर कमी असते, पण कागद समोर आल्याबरोबर वाचून गाण्याची तयारी लागते आणि शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज विरघळवावा लागतो, जे मोठ्या आवाजाच्या तरुणाला सर्वांत जड जाते.

या दोन टोकांच्या मधली एक जागा आपल्या भाच्याला कदाचित अधिक मानवेल, आणि ती म्हणजे धार्मिक व मैफिलीच्या रचनांमधील एकल टेनर. हँडेलच्या ‘मसाया’मध्ये, ज्याचा पहिला प्रयोग १७४२ साली डब्लिनला झाला, वाद्यवृंदाच्या प्रस्तावनेनंतर पहिला मानवी आवाज टेनरचाच येतो. बाखच्या पॅशन, म्हणजे येशूच्या यातनांवरील, रचनांमध्ये शुभवर्तमानाची कथा सांगणारा निवेदक टेनर असतो. तो दोन-तीन तास कथा पुढे नेतो, पात्रे आणि वृंद मध्येमध्ये येऊन जातात. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवर’ नाटकात सूत्रधार पदे गाऊन कथानक पुढे नेत असे, त्याची मला प्रत्येक वेळी आठवण होते. जर्मन टेनर पेटर श्रायर हे ड्रेस्डेनच्या क्रॉइत्सकोर या मुलांच्या वृंदातून घडले आणि ऑपेराइतकीच त्यांची ओळख या निवेदकाच्या भूमिकेमुळे झाली. इंग्रज टेनर पीटर पिअर्स तर आधी बीबीसीच्या वृंदात गात होते. बेंजामिन ब्रिटनच्या ‘पीटर ग्राइम्स’ या ऑपेराची शीर्षक भूमिका त्यांनी १९४५ साली केली, ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. वरच्या स्वरांची घाई करू देऊ नका. १८३७ साली पॅरिसमध्ये जिल्बेर द्युप्रे या टेनरने रॉसिनीच्या ‘गियोम तेल’ या ऑपेरात वरचा ‘सी’ हा अतिशय उंच स्वर छातीच्या पूर्ण आवाजात लावला आणि श्रोत्यांना त्याची चटक लागली. त्याआधी टेनर तो स्वर हलक्या आवाजात घेत असत. मी तेविसाव्या वर्षी एका शिक्षकांच्या आग्रहाने तसा स्वर रोज ओढून घेत होतो, आणि त्याची किंमत म्हणून स्वरतंतूंवर गाठी येऊन मला सात महिने गाता आले नाही.

खर्ज (सांगली)

मी ख्याल शिकवतो, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. प्रथम पट्टीचा हिशेब मांडू या, कारण त्यावाचून ही चर्चा हवेत राहते. मुलगा काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गातो असे धरले, तर त्याचा तार षड्ज सुमारे २७७ हर्ट्झचा होतो. टेनरच्या आवाजाचा जो सांधा असतो, जिथे छातीचा आवाज सोडून नवी जुळणी करावी लागते, तो या पट्टीत साधारण तार मध्यमाच्या आसपास येतो, आणि द्युप्रेंचा तो प्रसिद्ध ‘सी’, म्हणजे ५२३ हर्ट्झ, अतितार षड्जाच्या जेमतेम अर्धा स्वर खाली असतो. आपला ख्यालगायक तार मध्यम-पंचमाला जाऊन परत येतो. टेनरला मात्र त्याच प्रदेशात वस्ती करून शब्द उच्चारावे लागतात, तेही ध्वनिक्षेपकाशिवाय.

ध्वनिक्षेपकाशिवाय साठ वाद्यांवरून आवाज पोहोचतो तो नुसत्या जोराने नव्हे. घशाची पोकळी विशिष्ट रीतीने जुळवली की ३००० हर्ट्झच्या आसपास ध्वनीची शक्ती एकवटते, आणि वाद्यवृंदाचा जोर त्याच्या बराच खाली असल्यामुळे आवाज वरून निघून जातो. स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी याचा सविस्तर अभ्यास केला आहे. गुरुजी जिला फेक म्हणतात ती मुळात ही जुळणी आहे. तिच्यामुळे आस जात नाही. माझ्या मते धोका दुसरीकडे आहे : एकाच दिवशी तार सप्तकात दोन वेगळ्या पद्धतींनी गळा राबवण्यात. म्हणून खर्जाचा रियाज आणि विलंबित जरूर चालू ठेवावे, पण द्रुत ताना आणि तार सप्तकातील ख्यालाची मेहनत काही वर्षे बाजूला ठेवावी. गुरुजींना हे कठोर वाटेल, याची मला जाणीव आहे.

कानाचा प्रश्न मला गळ्यापेक्षा मोठा वाटतो. आपला षड्ज तंबोऱ्यात स्थिर बसलेला असतो आणि प्रत्येक स्वर त्याच्याशी नाते सांगतो. वृंदगायनात खालचा बास हलतो, आणि टेनरने धरून ठेवलेला तोच स्वर क्षणापूर्वी पंचम होता तो आता गंधार होतो. त्यासाठी त्याला केसभर वर-खाली सरकावे लागते. मिरजेच्या तंबोऱ्यांत वाढलेल्या मुलाला गंधार-पंचमाची पारख आधीच असते, फक्त षड्ज चालता झाला आहे हे स्वीकारायला वेळ लागतो.

आल्टो (मिरज)

मी क्वायर बसवते. वर फार चांगले लिहिले गेले आहे, तेव्हा व्यवहारापुरते दोन शब्द. भाच्याला सर्वांत आधी स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला शिकवा. आमच्याकडची बहुतेक मुले ऐकून पाठ करतात आणि चाचणीत तेथेच अडतात. टेनरचा भाग स्वरलिपीत ट्रेबल क्लेफ या वरच्या स्वरांच्या चिन्हासह लिहिलेला असेल, तर लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली गायचा असतो, हेही पुष्कळांना कोणी सांगितलेले नसते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गायनाच्या श्रेणी परीक्षा भारतात देता येतात. त्यांनी नोकरी मिळत नाही, पण वाचनाला शिस्त लागते. पदवी सोडू नये. मुंबईत परांजोती अकादमी कोरससारख्या वृंदांची जुनी परंपरा आहे आणि एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यामुळे वृंद आणि वाद्यवृंद एकत्र कसे वाजतात हे प्रत्यक्ष ऐकायला परदेशी जावे लागत नाही. शिवाय टेनर सगळीकडेच कमी पडतात. माझ्या क्वायरमध्ये आज अठरा स्त्रिया आहेत आणि टेनर दोन.

हरिपूरकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. हा सगळा मजकूर काल रात्री भाच्याला आणि त्याच्या वडिलांना वाचून दाखवला. तीन निरनिराळे व्यवसाय आहेत हे ऐकल्यावर वडिलांच्या मनावरचा ताण उतरला, आणि द्युप्रेंच्या स्वराविषयी ऐकून भाचा गप्प झाला, कारण गेले दोन महिने तो गच्चीवर नेमके तेच करत होता. ते आजपासून बंद आहे. गुरुजींना भेटायला आम्ही दोघे गुरुवारी जाणार आहोत. ‘खर्ज’ यांनी सांगितलेली विभागणी त्यांच्यासमोर मीच मांडीन, मुलाच्या तोंडून ती येणे बरे दिसणार नाही.

‘आल्टो’ ताई, तुमच्या क्वायरची तालीम कोणत्या वारी असते ते कृपया कळवावे. तिसरा टेनर आणून सोडतो.