रक्त नव्हे, सवय
"खानदेशातल्या माणसाला ऊन बाधत नाही, रक्तातच असतं ते", असं लोक म्हणतात, पण ते मला पटत नाही. मी खानदेशातल्याच रावेर तालुक्यातला, पण १२ वर्षं पुण्यात नोकरी. मे महिन्यात केळीच्या कापणीला घरी गेलो आणि पहिल्याच दुपारी पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. तांब्यावर तांबे पाणी पीत होतो तरीही. चुलतभाऊ मात्र सकाळपासून घड वाहत होता, त्याला काही नाही. आम्हा दोघांचे आजोबा तर एकच, म्हणजे रक्तही एकच!

हवा ४४-४५ अंशांवर गेली की ती त्वचेपेक्षा गरम असते. मग आतलं तापमान ३७ च्या आसपास राखायला घाम वाळणं एवढाच मार्ग उरतो. रोज उन्हात राबलं की साधारण १ ते २ आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, रक्तातला द्रव वाढतो, आणि ॲल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे घामग्रंथी मीठ परत ओढून घेतात. भावाचा घाम माझ्यापेक्षा कमी खारट असणार; माझं मीठ घामातून जात राहिलं आणि नुसत्या पाण्याने ते भरून आलं नसणार. ही सवय काही आठवड्यांत मोडतेही. म्हणून सुट्टीत गावी येणाऱ्यांनी पहिला आठवडा दुपारी शेतात जाऊच नये, आणि पाण्यासोबत मीठ-साखर-लिंबू घ्यावं.