पाच रुपयांच्या नाण्यावरची सिस्टर

बी-३०२: मंडळी, भाजीवाल्याने सुट्ट्यांत हे पाचचं नाणं दिलं. एका बाजूला सिस्टरचं चित्र आहे. मदर तेरेसा वाटत नाहीत, नाव अल्फोन्सा दिसतंय. चालेल ना नाणं?

ए-१०१ (सेक्रेटरी): चालतं. जन्मशताब्दीनिमित्त २००९ साली सरकारने काढलंय. केरळच्या. भारतातल्या पहिल्या संत.

डी-१०४: पहिल्या *स्त्री* संत, भाऊ. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया १८६२ सालीच संत झाले. वसईची माणसं हे ऐकून गप्प बसायची नाहीत 🙏

बी-३०२: काकू, मग सांगा ना. काय कार्य होतं यांचं? शाळा, हॉस्पिटल काढलं का?

डी-१०४: नाही गं, काहीच काढलं नाही. म्हणूनच मला ती जवळची वाटते.
१९१० साली कोट्टायमजवळ कुडमालूरला जन्म. घरचं नाव अन्नाकुट्टी. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली, मुट्टुचिराच्या मावशीने वाढवलं. पुढे क्लॅरिस्ट या संघात सिस्टर, म्हणजे संन्यासिनी झाली. थोडे दिवस वाकक्काडला शाळेत शिकवलं, पण तब्येतीने कधी साथच दिली नाही. १९४० साली रात्री खोलीत चोर शिरला. त्या धक्क्याने स्मृती गेली, लिहिता-वाचता येईना, कित्येक महिने. २८ जुलै १९४६ ला गेली तेव्हा पस्तिशीत होती. बरीच वर्षं अंथरुणावर काढली, पण तोंडात कडू शब्द नाही. माझी सासू सात वर्षं पडून होती. सेवा करणाऱ्यावर न चिडणं किती कठीण असतं, ते मी घरात पाहिलंय.

सी-२०१: लग्न टाळायला पाय जाळून घेतले होते त्याच ना या?

डी-१०४: हो. मावशीला तिचं लग्न लावायचं होतं. ही तेरा वर्षांची असेल. भाताचा कोंडा जाळायच्या खड्ड्यात पाय घातले. रूप बिघडलं की कोणी मागणी घालणार नाही, हा विचार.

सी-२०१: काकू, राग मानू नका, पण मला यात पुण्य दिसत नाही. 'नाही' म्हटलेलं कोणी ऐकत नव्हतं, एवढंच दिसतं.

डी-१०४: राग कसला? मुलीला ही गोष्ट सांगताना मीही त्याला त्याग म्हणत नाही. 'तुला काही नको असेल तर मला सांग, मी ऐकेन,' हे आधी सांगते.

ए-४०३: आमच्याकडे सगळे 'अल्फोन्साम्मा' म्हणतात. भरणंगानमला, मीनच्चिल नदीच्या काठी तिची कबर आहे. माझी आई सांगायची, ती गेल्यावर मोठ्यांना काही वाटलं नव्हतं. शाळेतली पोरं कबरीवर जाऊन मेणबत्त्या लावायला लागली, मग मोठे मागून आले. आज तिथे हिंदू, मुसलमान, सगळे येतात.

डी-१०४: वा, किती छान सांगितलंत! आणि संतपदासाठी जो चमत्कार मानला, तोही जन्मतः वाकडे पाय असलेल्या मुलाचा. पाय जळलेल्या बाईकडे पायांसाठी नवस! मी तिथे गेले होते तेव्हा एक आई बाळाचे पाय कबरीच्या दगडाला टेकवत होती. मला बघवेना, पण तिथून हलवेनाही.

ए-१०१ (सेक्रेटरी): संतपद कधी मिळालं?

डी-१०४: ८ फेब्रुवारी १९८६ ला पोप जॉन पॉल दुसरे स्वतः कोट्टायमला आले आणि तिला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. मग १२ ऑक्टोबर २००८ ला रोमला पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संतपद दिलं.

बी-३०२: आता हे नाणं खर्च करवत नाही. काकू, संध्याकाळी तुम्हाला आणून देते.

डी-१०४: नको गं, तुझ्या लेकीच्या डबीत ठेव. २८ जुलैला तिचा सण आहे, मी चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे प्रार्थनाविधीला जाणार आहे. लेकीला यायचं असेल तर सोबत नेईन.

सी-२०१: काकू, मीही येऊ का?

डी-१०४: ये की. सकाळी साडेसहाला गेटवर.