मदत हवी आहे: बारा वर्षांच्या कुत्रीचा तोल अचानक गेला आहे आणि बुबुळे वर-खाली हलत आहेत

नमस्कार. आमच्या घरी चिंगी नावाची बारा वर्षांची कुत्री आहे. गल्लीतले सगळे तिला पॉमेरेनियन म्हणतात, प्रत्यक्षात ती आपल्याकडची इंडियन स्पिट्झ आहे आणि तिचे वजन अकरा किलो आहे. आजवर एकदा कान दुखला होता आणि एकदा पायात काच घुसली होती, एवढेच तिचे आजारपण.

काल पहाटे साडेपाचच्या सुमारास मागच्या पडवीत काहीतरी आपटल्याचा आवाज आला म्हणून मी उठले, तर चिंगी भिंतीला अंग टेकवून उभी राहण्याची धडपड करत होती आणि प्रत्येक वेळी डावीकडे कोसळत होती. मान डावीकडे कललेली होती, चारही पाय फाकलेले होते आणि फरशी आपल्या पायांखाली स्थिर नाही अशा भीतीने ती नखे रोवू पाहत होती. मी तिचे डोके दोन्ही हातांत धरले तेव्हा दिसले की तिची बुबुळे सावकाश खाली सरकत होती आणि झटक्याने वर येत होती, आणि हे सतत, न थांबता चालले होते. त्यानंतर दोनदा पांढऱ्या फेसाची उलटी झाली आणि बसल्या जागीच लघवी झाली. शुद्ध मात्र पूर्ण होती. हाक मारली की कान टवकारते, आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, आवाज आला की शेपटी हलवायचा प्रयत्न करते.

सकाळी नऊ वाजता येथील डॉक्टरांना दाखवले. ताप नव्हता. गोचीड तापाची शंका म्हणून रक्त तपासले, त्यात प्लेटलेट्स व्यवस्थित निघाल्या आणि साखरही ठीक आहे. कानात दुर्बीण घालून पाहिले, पडदा शाबूत आहे आणि पू नाही. त्यांनी उलटी थांबण्याचे इंजेक्शन व सलाईन दिले आणि म्हातारपणात असा झटका येतो, दोन-तीन दिवस वाट पाहा, फरक पडला नाही तर पुण्याला नेऊन मेंदूचा एमआरआय करावा लागेल, असे सांगितले. एमआरआयसाठी पूर्ण भूल द्यावी लागते, आणि बारा वर्षांच्या जिवाला ती सोसेल का, या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही.

तिच्याबद्दल आणखी सांगण्यासारखे फारसे काही नाही. लसी वेळच्या वेळी झाल्या आहेत, उंदराचे औषध आमच्या घरात कोणी ठेवत नाही, ती पडल्याचे किंवा तिला कोणी मारल्याचे कोणी पाहिलेले नाही. पंधरा दिवसांपूर्वी जुलाब लागले होते, ते घरातल्या गोळीने थांबले.

मला विचारायचे आहे ते असे. हा पक्षाघात आहे का? लगेच पुण्याला न्यावे की दोन-तीन दिवस थांबणे सुरक्षित आहे? तिला पाणी कसे पाजावे, कारण वाटीकडे तोंड नेले की तोल जाऊन नाकातच पाणी जाते? शेजारच्या काकूंनी काल संध्याकाळी येऊन "कशाला हाल करता, इंजेक्शन देऊन सोडवा तिला" असे आबांच्या देखत सांगितले, आणि तेव्हापासून आबांनी नीट जेवण केलेले नाही. त्यामुळे कृपया ज्यांनी असे काही प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांनी लवकर लिहावे.

पहिला प्रतिसाद

ताई, धीर सोडू नका. आमच्या चौदा वर्षांच्या लॅब्रॉडॉरला दोन वर्षांपूर्वी असेच झाले होते, आणि आम्हीही तो लकवाच समजून रडारड केली होती. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये कधी कधी कोणतेही कारण न सापडता एकाएकी बिघडते आणि बहुतेक वेळा आपोआप सावरते. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी डोळे स्थिर झाले, तीन आठवड्यांत तो चालू लागला. मान मात्र शेवटपर्यंत थोडी वाकडीच राहिली, जणू सतत काहीतरी विचारतो आहे.

शुश्रूषेबद्दल अनुभवाचे सांगते. गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा रबरी चटई अंथरा. पोटाखालून जुना पंचा घालून दोन्ही टोके वर धरा आणि तसेच आधार देत तिला लघवीला न्या. पाणी वाटीत ठेवू नका. ती पोटावर बसलेली असताना, डोके वर धरून, गालाच्या बाजूने चमच्याने थोडे थोडे द्या. रात्री एक बारीक दिवा चालू ठेवा, कारण तोल गेलेल्या प्राण्याला डोळ्यांचाच काय तो आधार असतो आणि अंधारात तो जास्त घाबरतो. उचलायची वेळ आली तर झटकन उचलू नका, अंगाशी धरून सावकाश उचला. आणि शेजारच्या काकूंना तूर्तास चहावरच बोळवा.

दुसरा प्रतिसाद

मी पशुवैद्यक आहे. चिंगीला प्रत्यक्ष पाहिलेले नसल्यामुळे निदान करणार नाही, परंतु आपल्या वर्णनातील एका गोष्टीवर मी थबकलो. वरच्या प्रतिसादात सांगितलेला कानाचा विकार खरोखरच सामान्य आहे, पण त्यात बुबुळे साधारणपणे आडवी किंवा गोल हलतात. ती उभी, म्हणजे वर-खाली हलत असतील तर बिघाड कानात नसून मेंदूच्या मागील भागात असण्याची शक्यता वाढते. मेंदू म्हटले की गाठ किंवा रक्तस्राव इतकेच डोळ्यांसमोर येते, परंतु काही औषधांनीही नेमके हेच होते.

म्हणून दोन गोष्टी कळवा. पहिली: तिला पोटाखालून आधार देऊन उभे करा आणि एकेक पंजा हलकेच उलटा, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला टेकेल असा ठेवा. निरोगी कुत्रा तो क्षणात सरळ करतो. चिंगी किती वेळ घेते ते पाहा. दुसरी, आणि ही अधिक महत्त्वाची: जुलाबावरची "घरातली गोळी" कोणती, किती वेळा आणि किती दिवस दिली? कृपया गोळ्यांची पट्टी हातात घेऊन त्यावरचे नाव वाचून लिहा. अंदाजाने लिहू नका.

धागाकर्ती

पुढचे पंजे ती लगेच सरळ करते. मागचा डावा पंजा मात्र तीन-चार सेकंद तसाच उलटा राहिला, आणि ते पाहताना मला फार वाईट वाटले.

गोळीबद्दल आबांना विचारले. पट्टीवर मेट्रोनिडॅझोल 400 मिलिग्रॅम असे आहे. गेल्या वर्षी आबांच्याच पोटासाठी आणलेल्या गोळ्या डब्यात उरल्या होत्या. मला वाटत होते की त्यांनी दोन-तीन गोळ्या दिल्या असतील. पण जुलाब थांबले तरी पुन्हा लागू नयेत म्हणून ते सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी तूप-पोळीच्या घासात घालून देत होते. परवा रात्रीपर्यंत, म्हणजे तेरा दिवस. डॉक्टरांनी काही औषध चालू आहे का असे विचारले होते आणि मी अगदी खात्रीने नाही म्हणून सांगितले होते.

दुसरा प्रतिसाद देणारे पशुवैद्यक

कळवलेत हे फार बरे झाले. हिशेब पाहा. दिवसाला 800 मिलिग्रॅम आणि वजन अकरा किलो, म्हणजे दर किलोला रोज सुमारे 73 मिलिग्रॅम. कुत्र्यांना जुलाबासाठी हे औषध देतात तेव्हा मात्रा दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा अशी असते आणि तीही थोडेच दिवस. दर किलोला रोज 60 मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावर मज्जासंस्थेवर विषारी परिणाम होण्याचा धोका ठळकपणे वाढतो. हे औषध यकृतात मोडले जाते, त्यामुळे वय झालेल्या किंवा यकृत दुबळे असलेल्या कुत्र्यांत कमी मात्रेवरही त्रास होऊ शकतो. आठवडा-दीड आठवडा काहीच दिसत नाही आणि मग एका सकाळी जनावर उभे राहू शकत नाही, हा याचा नेहमीचा प्रकार आहे. उभी हलणारी बुबुळे, उलट्या, झोकांड्या आणि पंजा उशिरा सरळ होणे, हे सर्व त्यात बसते.

आता गोळी पूर्ण बंद ठेवा आणि ही माहिती आजच, फोनवर न सांगता, पट्टी सोबत नेऊन आपल्या डॉक्टरांना द्या. यात दोष त्यांचा नाही. मिळालेल्या माहितीवर त्यांनी केलेली तपासणी योग्यच होती. यकृताची रक्ततपासणी झालेली नसल्यास ती करून घ्यावी. या विषबाधेत डायझेपाम उपयोगी पडते आणि त्याने बरे होण्याचा काळ बराच कमी होऊ शकतो, पण ते द्यायचे की नाही आणि किती, हे समोर कुत्रा असलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. माणसांच्या गोळ्या घरी अर्ध्या करून देण्याचा प्रयोग आता पुन्हा नको. औषध बंद झाल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांत बहुतेक कुत्री पूर्ववत होतात. पक्षाघात आणि गाठ या शंका मी अजून खोडून टाकलेल्या नाहीत. मात्र सुधारणा सुरू झाली तर एमआरआयची घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.

झटके आले, हाकेला प्रतिसाद कमी झाला, गुंगी वाढू लागली किंवा दोन-तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर मात्र थांबू नका. आपण वाईच्या असाल असे वाटते. पूर्वी मीही त्या भागात होतो. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला पुण्यापेक्षा जवळ पडेल. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आधी तेथे दाखवता येईल.

धागाकर्ती, दहाव्या दिवशी

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. होय, आम्ही वाईचेच. त्याच दुपारी पट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, स्वतः पुन्हा हिशेब केला आणि दवाखान्यात ठेवून घेऊन इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुबुळे हलायची थांबली. चौथ्या दिवशी ती पंचाच्या आधाराने तुळशीपर्यंत गेली, सातव्या दिवशी आधाराशिवाय. यकृताच्या तपासणीत एक आकडा थोडा वाढलेला निघाला आहे, ती तपासणी महिन्याने पुन्हा करायची आहे. मान आता सरळ आहे. वळताना मागचा भाग अजून किंचित घसरतो, म्हणून पडवीतले गोणपाट काढलेले नाही. शिरवळला जावे लागले नाही.

आबांना कसे सांगावे, हा प्रश्न मला औषधापेक्षाही अवघड गेला होता. मी सांगण्याआधीच त्यांना कळले होते, कारण पट्टीवरचे नाव वाचायला मी त्यांच्याकडूनच चष्मा मागितला होता. त्या रात्री त्यांनी औषधांचा डबा माझ्या कपाटात आणून ठेवला आणि चिंगीजवळ पडवीत सतरंजी टाकून झोपले. चार रात्री ते तिथेच होते, चमच्याने पाणीही तेच पाजत होते.

आता ती माझ्या हातून सगळे खाते. आबांनी दिलेला तूप-पोळीचा घास मात्र आधी हुंगते, मग जिभेने पोळी उलगडून आत काही आहे का ते पाहते, आणि त्यानंतरच खाते.