पतसंस्थेचा संचालक-अधिकारी दायित्व विमा : कलम 88 च्या वसुलीबाबत मदत हवी आहे

जुळे सोलापुरातली पतसंस्था. संचालक 11, सचिव, कर्मचारी 4. संचालक व अधिकारी दायित्व विमा 1 कोटीचा घ्यायचाय. फिडेलिटी गॅरंटी आधीच आहे, कृपया ती सुचवू नका. ती अफरातफरीत संस्थेचं नुकसान भरते, संचालकावरचा दावा नाही. सध्या कोणतीही चौकशी किंवा नोटीस नाही.

दोन कंपन्यांचे मसुदे आलेत. दोन्हींत दावा पॉलिसीच्या मुदतीत आला तरच भरपाई. पण सहकार कायद्याच्या कलम 88 खाली (संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी संचालकांवर ठरवून वसुली) पाच वर्षं मागचा कारभार निघतो आणि माजी संचालकही सापडतात. एका मसुद्यात मागील तारीख (जिच्या आधीच्या कृत्यांना भरपाई नाही) म्हणजे पॉलिसी सुरू होण्याचाच दिवस, म्हणजे जुने कर्जवाटप उघडंच! ती पाच वर्षं मागे नेण्याचं कोटेशन मागितलंय.

खरी अडचण दुसऱ्या मसुद्यात आहे. विमाधारकानेच विमाधारकावर केलेला दावा त्यात वगळलाय. संस्था आणि संचालक दोघेही विमाधारक, आणि कलम 88 ची वसुली संस्थेच्याच तिजोरीत जाते. ब्रोकर ‘कव्हर होतं’ म्हणतात, लेखी देत नाहीत. फसवणूक वगळलेली असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न निष्काळजीपणाच्या ठपक्याचा आणि वकिलाच्या खर्चाचा आहे. विषय 30 सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सभेत ठेवायचाय.

निबंधकांनी नेमलेला अधिकारी, प्रशासक किंवा अवसायक (संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेला) यांच्या कारवाईला या वगळणुकीतून सूट देणारं एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली दुरुस्ती) कुणी लेखी मिळवलंय का? त्यातले नेमके शब्द काय होते?